खोटी चाळीस वाक्यं

ही घटना खरी आहे. यात मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही. लँकेशायरमधल्या पॅडिहम गावात मी वीस वर्षं राहतेय, इथल्या शाळेत दुपारचं जेवण वाढते. फ्रेया होलगेट माझ्या शेजारची पोर. तिने हे माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. सांगताना चहाला हातही लावला नाही.

आणि रात्रबित्र नव्हती बरं का. मे महिन्यातला बुधवार, सकाळचे नऊ. दीडशे मुलांनी भरलेला हॉल...

फ्रेया तेव्हा सोळा वर्षांची होती. हुशार, आणि जिभेने तिखट. शाळेची शेवटची परीक्षा होती. साहित्यात नऊपैकी सातची श्रेणी मिळाली तरच तिला हव्या त्या कॉलेजात जागा मिळणार होती. नाहीतर आईसारखं जन्मभर याच गावात दुकानाच्या गल्ल्यावर बसायचं. तिला त्या गल्ल्याची मनापासून भीती वाटायची.

पेपराला व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एक छोटी कादंबरी होती. पुस्तक आत नेता येत नाही. त्यातली वाक्यं शब्दाला शब्द पाठ असावी लागतात. मुलं ती कार्डांवर लिहून महिनोन् महिने घोकत बसतात.

टिली होल्डनच्या डोक्यात काहीच राहायचं नाही. पण घासायची बिचारी. तिने फ्रेयाकडे तिची कार्डं मागितली.

फ्रेयाने दिली. चाळीस कार्डं, सुबक अक्षरात.

त्यातलं एकही वाक्य त्या कादंबरीत नव्हतं.

सगळी फ्रेयाने रात्री बसून रचली होती, जुन्या वळणाच्या भाषेत. ‘माझ्या खुर्चीत कोणी बसलं नाही म्हणून ती रिकामी नसते.’ असली. मैत्रिणींना दाखवून पोट दुखेपर्यंत हसली. टिलीने आभार म्हणून घरी भाजलेली बटाट्याची पाई आणून दिली. ती फ्रेयाने तिच्या डोळ्यांदेखत कुत्र्याला घातली. तरी टिली हसलीच.

परीक्षेच्या नऊ दिवस आधी टिली कार्ड वाचत रस्ता ओलांडत होती. बस आली...

फ्रेया समोरच्याच थांब्यावर होती. धावली. पण टिलीकडे नाही. कार्डांकडे. अक्षर फ्रेयाचं होतं ना! रस्ताभर पसरलेली कार्डं ती भराभर गोळा करायला लागली.

टिली अजून जिवंत होती. बघत होती.

“राहू दे गं,” ती म्हणाली. “पाठ झालीत मला.”

नंतर ती काही बोलली नाही.

बुधवारी हॉलमध्ये बाकं आडनावांप्रमाणे लावलेली होती. फ्रेयाच्या पुढच्या बाकावर टिली होल्डनच्या नावाची चिठ्ठी होती. ती गेल्यावर नाव काढायचं कोणाकडून तरी राहून गेलं होतं. वर कोरा पेपरही ठेवलेला. खुर्ची रिकामी.

पेपर सुरू झाला.

फ्रेयाने प्रश्न वाचला. सोपा होता. तिने पहिलं वाक्य आठवलं...

आठवेना.

दुसरं आठवेना. सहा महिने घोकलेलं सगळं पुसून गेलेलं. डोक्यात होती फक्त ती चाळीस. एकामागून एक, सुबक अक्षरात.

आणि पुढच्या बाकावरून आवाज आला...

पेन चालल्याचा. संथ, न थांबता. मग पान उलटल्याचा.

खुर्ची रिकामीच होती.

फ्रेयाने हात वर केला. पर्यवेक्षक मिसेस ग्रिमशॉ आल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, प्रेमळ बाई. त्या फ्रेयाच्या बाकापर्यंत आल्याच नाहीत. पुढच्या बाकाशी वाकल्या.

“जास्तीचा कागद हवाय का, बाळा?”

त्यांनी कागद ठेवला. हसल्या. गेल्या.

आमच्या शाळेत जी मुलं येत नाहीत, त्यांचे पेपर अर्ध्या तासाने उचलतात.

अर्धा तास झाला... मिसेस ग्रिमशॉ पुन्हा आल्या. टिलीचं बाक ओलांडलं. फ्रेयासमोर थांबल्या आणि तिच्या हाताखालून तिचा पेपर ओढून घेतला. यादीवर खूण केली.

“मी इथे आहे,” फ्रेया म्हणाली. मग ओरडली. शेजारच्या मुलाने मानसुद्धा वळवली नाही.

उठता येईना. पावणेदोन तास ती तशीच बसून राहिली, समोर मोकळं बाक. पुढे पेन चालत होतं.

बाहेर आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, कुठे होतीस तू? पेपर बुडवलास?

ऑगस्टमध्ये निकाल लागला. साहित्य: गैरहजर. फ्रेयाने शपथा घेतल्या, रडली. तिच्या आईने एक थोबाडीत दिली आणि दुकानात तिच्यासाठी शब्द टाकून आली. त्या सोमवारपासून फ्रेया गल्ल्यावर बसायला लागली.

आठवड्याने टिलीची आई शेरिल तिच्या रांगेत उभी राहिली. पाव आणि दूध घेतलं. मग पाकिटातून एक कागद काढून गल्ल्यावर सरळ केला. टिलीचा निकाल.

साहित्य: सात.

“बोर्डाची चूक असेल,” फ्रेया कशीबशी म्हणाली.

“मीही तेच म्हटलं.” शेरिलचा आवाज अगदी साधा होता. “म्हणून उत्तरपत्रिका मागवली. अक्षर तिचंच आहे. मग ती कादंबरी आणून वाचली मी. दोनदा. टिलीने पुस्तकातलं म्हणून लिहिलेलं एकही वाक्य त्यात नाही. कार्डं कोणी दिली होती, तेही ती मला सांगायची. किती कौतुकाने सांगायची!”

मागे रांग खोळंबली होती.

शेरिलने कागदाची नीट घडी घातली.

“पुढच्या मे महिन्यात तू पुन्हा बसशील म्हणे. बस हो. टिली रोज विचारते.”

तिने दूध उचललं आणि निघून गेली.

फ्रेयाने फॉर्म भरलाय. गल्ल्यावरून सुटायचा तिच्याकडे दुसरा मार्गच नाही. पेपर उद्या आहे. बाकांची यादी आज सकाळी शाळेच्या फलकावर लागली. मी जेवणाची भांडी घेऊन त्या यादीसमोरून दोनदा गेले.

वाचायला थांबले नाही. फ्रेयाने संध्याकाळी विचारलं, तेव्हा यादी अजून लागली नाही असं खोटंच सांगितलं.