रिकामा कप्पा

जेवणाची वेळ झाली आणि बुटक्या गाड्या भिंतीच्या कडेने वॉर्डात शिरल्या. त्यांना ढकलणारं कुणी नव्हतं. एकेक गाडी आपापल्या खाटेपाशी थांबली, तिच्या पोटातून झाकलेलं ताट वर आलं आणि रुग्णाने मनगट पुढे करताच झाकण उघडलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने हात पुढे केला असता, तर ते उघडलं नसतं. त्या ताटातलं अन्न त्या एकाच माणसासाठी शिजलेलं होतं.

ही किमया मनगटावरच्या पट्टीची. आकाराने रुपयाएवढी, नाव रसवाचक. तिच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया असतात. त्या रक्तापर्यंत पोचत नाहीत. कातडीच्या लगेच खाली जो पाझर असतो, त्यातली साखर आणि क्षार तेवढे मोजतात. ते आकडे तळघरातल्या स्वयंपाकयंत्राला कळतात आणि यंत्र ठरवतं, याला मीठ किती, त्याला तेल किती, कुणाची भाजी आधी उकळून पाणी फेकून द्यायची.

मुक्ता या रुग्णालयात आहारतज्ज्ञ होती. हे यंत्र यावं म्हणून सगळ्यांशी भांडली होती ती. जुनं कँटीन तिला आठवत होतं. काळ्या पडलेल्या तेलातले बटाटेवडे, पाकासारखा चहा, क्रीमरोल. रुग्णांनी तेच खायचं, नर्सनीही तेच. पाय मोडलेल्याला आणि हृदय दुखावलेल्याला एकाच पातेल्यातली खारट डाळ. सगळ्यात वाईट म्हणजे मूत्रपिंडाच्या वॉर्डात प्रेमाने येणारी शहाळी. मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी. ती तुंबली की पोटॅशियम नावाचा क्षार रक्तात साठत जातो आणि हृदयाचा ताल बिघडवतो. शहाळ्यात हा क्षार भरपूर. एका भाच्याने मामाला दोन शहाळी पाजली आणि संध्याकाळी मामाच्या छातीला विजेचे झटके देऊन त्याला परत आणावं लागलं, हे मुक्ताने डोळ्यांनी पाहिलं होतं.

यंत्र आलं, बाहेरचं अन्न बंद झालं, कँटीनची टेबलंही विकली गेली. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. नर्सची वाढलेली साखर उतरली. कर्मचाऱ्यांनाही पट्ट्या मिळाल्या; ज्याचं ताट त्याच्यापाशी, मग तो जिन्यात असो की औषधांच्या खोलीत. कुणाचीच तक्रार नव्हती.

एक खिडकीजवळची खाट सोडली तर.

मुक्ताच्या कमरेचं यंत्र गुणगुणलं. तक्रार आली की आहारतज्ज्ञाने स्वतः खाटेपाशी जायचं, असा नियम होता. ती गेली. हैबतराव जगदाळे उशीला टेकून बसले होते. कराड-चिपळूण एसटी चालवत त्यांची नोकरी सरली होती. आता गाळणी थकली होती.

"डाळ अळणी हाय," ते म्हणाले.

"आबा, ताट तर चाटूनपुसून साफ केलंय."

"अन्न टाकायचं व्हय? पर अळणीला अळणी म्हनाय नको?"

"काल खारट म्हणाला होतात."

"काल खारटच व्हती." हैबतरावांनी खाटेखालचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. "बसा. तक्रार काय उभ्या उभ्या ऐकत्यात?"

एरवी उभ्यानेच ऐकून जाणारी मुक्ता आज बसायला वाकली आणि थबकली. स्टुलावर धुळीचा थर होता. तिने रुमालाने तो पुसला. मग कुंभार्ली घाटातल्या धुक्याची गोष्ट झाली. पुढचं दिसेना, तेव्हा कंडक्टर बॅटरी घेऊन गाडीपुढे चालला होता, ती. मुक्ताने ती आधीही ऐकली होती. या वेळी कंडक्टरचं नाव बदललं होतं.

ती उठली तेव्हा हैबतराव म्हणाले, "मशीन चांगलीच हाय तुमची. निस्तं 'अजून वाढू का' एवढं इचारत न्हाई."

दुसऱ्या दिवशी अधीक्षक डॉ. उपळेकरांनी तिला बोलावलं. "खिडकीजवळच्या खाटेपायी तुमचा किती वेळ जातो, पाहिलंत? आता उत्तर देणारं यंत्र मिळतं. खाटेपाशीच बसवायचं. तुमच्याच आवाजात बोलेल, गोड बोलेल, कंटाळणार नाही. तुमची मंजुरी तेवढी हवी."

"माझ्या आवाजात?"

"रुग्णाला फरक कळणारही नाही."

मुक्ता म्हणाली, विचार करून सांगते. ती वॉर्डात आली. भेटीची वेळ होती. पूर्वी याच वेळी रखवालदार ओरडून ओरडून नातेवाइकांना बाहेर काढायचा. आज सगळी स्टुलं खाटांखाली होती. रुग्ण आपापल्या फोनकडे बघत होते. मग तिने हैबतरावांच्या लेकीला, कमलला, फोन लावला. कमल उंब्रजला राहायची, घरी ब्लाउज शिवायची.

"आबा बरे आहेत ना?" पलीकडून घाबरा आवाज आला.

"अगदी बरे आहेत. तुम्ही हल्ली येत नाही, म्हणून विचारलं."

"रोज यायचे की मी! डबा असायचा ना. आता तुम्हीच म्हणता, बाहेरचं काही आणू नका. मग दवाखान्यात रिकाम्या हातानं यायचं? आजूबाजूचे काय म्हणतील, लेक आली ती हात हलवत आली. आणि येऊन करू काय? मी वाढायचे, ते खायचे, तेवढ्यात चार शब्द व्हायचे. आता निस्तं एकमेकांकडं बघत बसायचं. त्यापेक्षा फोन करते मी."

फोन ठेवल्यावर मुक्ताला खाटांखालच्या स्टुलांचा अर्थ लागला. माणसांची माया आटली नव्हती. त्यांच्या हातातलं काम गेलं होतं.

ती तळघरात गेली. ताटाला पाच कप्पे होते. तिने यंत्राला नवी सूचना दिली: एक कप्पा रिकामा ठेव. रुग्णाला काय आणि किती चालेल त्याचा हिशेब कर आणि तेवढंच घरच्या माणसाला कळव.

डॉ. उपळेकर वैतागले. "आणि कुणी आलंच नाही तर?"

"वेळ संपली की यंत्र तो कप्पा भरेल. उपाशी कुणी राहणार नाही."

"चुकीचं आणलं तर?"

"कप्प्याच्या तळाला अन्न ओळखणारी भिंगं आहेत. न चालणारं ठेवलं की तांबडा दिवा लागेल. आणि भेटीच्या वेळी मी वॉर्डात असेन."

"आठ दिवस बघू. नाहीतर ते बोलकं यंत्र." मग ते हसले. "नियम करताय तर आम्हालाही लावा. आमच्या घरी कळू दे, मी काय खातो ते."

नियम लागू झाला त्या दिवशी ताटं उघडली आणि प्रत्येकात एक कप्पा मोकळा निघाला. कुणी गाडीला शिव्या घातल्या. हैबतराव मात्र त्या कप्प्याकडे बघत राहिले. त्यांनी तक्रार केली नाही. बाकीचं जेवणही तसंच ठेवलं.

भेटीची वेळ झाली. एक बाई आली, डब्यात पडवळाची भाजी. एक तरुण मुलगा आला, हॉटेलातून आणलेली पोळी घेऊन. तांबडा दिवा लागला, आणि वडिलांनी त्याला भाकरी कशी थापायची ते हातवारे करून सांगितलं. काही स्टुलं ओढली गेली. बरीचशी खाटांखालीच राहिली. हैबतराव खिडकीतून रस्त्याकडे बघत होते.

वेळ संपायला आली तेव्हा कमल धापा टाकत आली.

"चाक पंक्चर झालं एसटीचं, आबा."

"डायवर कोण व्हता?" हैबतरावांनी तोंड वाकडं केलं. "आमच्या वक्ताला न्हवतं असं."

कमलने बिनमिठाची चपाती कप्प्यात ठेवली. हिरवा दिवा लागला. लेकीने घास मोडून दिला, बापाने खाल्ला. "अजून देऊ?" "दे की." मुक्ता लांबून बघत होती. तिचं लक्ष क्षणभर दुसऱ्या खाटेकडे गेलं. परत वळली तेव्हा कमलच्या हातात पेला होता आणि पिशवीतून फोडलेलं शहाळं डोकावत होतं. पेल्याला भिंगं नव्हती. तो हैबतरावांच्या ओठांशी पोचला होता.

मुक्ताने धावत जाऊन कमलचं मनगट धरलं. थोडं पाणी चादरीवर सांडलं.

"अहो, शहाळंच हाय! दारू न्हवं!" कमल दचकून म्हणाली. "चपाती काय, पोटापुरती. दवाखान्यात शहाळ्याबिगर यायचं कसं?"

तिने स्टूल ओढलं, बसली आणि गाळणीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, शाळेतल्या मुलांना सांगावी तशी. कमलचा चेहरा उतरला. तिने पेला दूर धरला, जणू तो चावेल.

"मी पाजलं असतं की हो," ती हळूच म्हणाली. मग पेला मुक्तापुढे करत, "मॅडम, दवाखान्यातनं माघारी न्यायचं नसतं. तुम्हीच प्या."

"घ्या," हैबतराव म्हणाले. "आज डाळीबद्दल काय म्हननं न्हाई माजं."

मुक्ता तिच्या खोलीत आली तेव्हा बुटकी गाडी दारात उभी होती. तिने मनगट पुढे केलं, झाकण उघडलं. तिच्याही ताटात एक कप्पा रिकामा होता, यंत्राने अजून न भरलेला. नियम तिनेच केला होता. क्वार्टरमध्ये ती एकटी राहायची. आई गेल्यापासून तिथल्या गॅसवर चहाखेरीज काही चढत नव्हतं. ती सवयीने कमरेच्या यंत्राकडे बघायची, तशी आजही बघत राहिली. ते गुणगुणलं नाही. आज खिडकीजवळच्या खाटेला तिची गरज नव्हती. तिला हवं होतं तेच झालं होतं.

तिने पेला त्या कप्प्यात ठेवला. तिची गाळणी धडधाकट होती. हिरवा दिवा लागला आणि ताटाच्या कडेवर अक्षरं उमटली. ती अक्षरंही तिनेच लिहिलेली होती:

'घरून कोणी आणलं? नाव सांगा.'

शहाळं दुसऱ्याच्या नावाने आलेलं, तिच्याकडे फक्त थांबलेलं. तरी किती दिवसांनी कुणाच्या तरी हातचं काही तिच्यापुढे ठेवलं गेलं होतं. यंत्राला घाई नव्हती. अक्षरं मिटून पुन्हा उजळत होती.

कुणाचं नाव सांगावं?