मार्कच्या पानावरचा सगळ्यात वरचा थर

"यंत्र बिघडलंय, दुसरं काय!" म्हणत रूथ रणपिसेने तिसऱ्यांदा तीच तपासणी लावली, आणि तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं.

समोर बाराव्या शतकातल्या ग्रीक शुभवर्तमानाचं, म्हणजे ख्रिस्तचरित्राचं, एक सुटं पान होतं. वाचनाआधी संत मार्कच्या सोनेरी चित्राचं चुंबन घ्यायची तिकडे रीत. ओठ टेकून टेकून बिचाऱ्या मार्कचं नाकच झिजून गेलेलं. 'ओष्ठवाचक' हे यंत्र त्या लाळेतली जनुकं थराथराने वाचायचं. खालचा थर जुना, वरचा नवा. पानांना हात लावणाऱ्या कर्मचाऱ्यांचे नमुने 'वजावट-यादी'त असत, म्हणजे त्यांची स्वतःची लाळ हिशेबातून आपोआप वगळली जाई.

आज सगळ्यात वरच्या थराशी यादीतलं एक नाव जुळत होतं, पण निम्मंच. रूथचं.

"म्हणजे माझी कोणी पूर्वज ग्रीक होती?" तिने जनुकतज्ज्ञ मोघ्यांना विचारलं. तीन दिवसांची असताना ती अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडली होती, आणि आपलं माणूस कोण, हा एकच प्रश्न तिने जन्मभर उराशी धरला होता.

"काहीतरीच काय! दर पिढीला वाटा निम्मा होतो. इतक्या शतकांत चिमूटभरही उरायचा नाही. आणि इथे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रतींपैकी तुझी एक जुळतेय. बहिणीत असं होत नाही. लाळ बाईची आहे, म्हणजे ही एकतर तुझी मुलगी, नाहीतर आई."

"मला कुठली मुलगी?"

"मग झालं की!" मोघे बोलून गेले आणि स्वतःच गांगरले.

रूथच्या डोक्याचा पार भुगा झाला. पान इथे येऊन बत्तीस वर्षं झालेली, ती अठ्ठावीसची. आई ग्रीसला गेली होती? चर्चमध्ये? की इथे येऊन काचेखालच्या पानाला ओठ लावून गेली? एकाचाही मेळ बसेना.

काही सुचेनासं झालं की ती कामाला लागायची. सवयीने तिने काडीला कापूस गुंडाळला आणि जिभेवर ओला केला. सोन्यावरची काजळी लाळेने अलगद निघते. प्रयोगशाळेच्या प्रमुख सत्यशीलाबाईंनी तिला आश्रमातून इथे आणलं, तेव्हा पहिल्याच दिवशी तोंडी सांगून हे शिकवलं होतं.

काडी तोंडातच राहिली.

बाई खिडकीपाशी उभ्या होत्या.

"बाई, हे पान आलं तेव्हा कोणी पुसलं होतं?"

"मीच."

"आणि यादीत तुमचा नमुना का नाही?"

"तू इथे लागलीस त्या दिवसापासून मी एकाही पानाला हात लावलेला नाही, म्हणजे नमुना द्यायची वेळच येऊ नये." बाई पानाकडे वळल्या. "त्याआधी पुसलेलं हे एक पान मात्र मी विसरलेच गं."

मोघे उगाचच चष्मा पुसू लागले.

बाईंनी नवी काडी घेतली, कापूस गुंडाळला, जिभेला लावला आणि पुढे केली. "घे. यादीत घाल."

रूथने हात पुढे केला, मग थांबली. हातमोजा घालून घ्यावी की तशीच, हेच तिला कळेना.