नावाड्याचं वाक्य

"थांऽऽब, सुंदरी!"

पळसाच्या आडून अशी डरकाळी आली की माझ्या डोक्यावरची टोपली खाली आणि सगळ्या मासोळ्या वाळूत! वळून पाहते तर एक उंच, सावळा पोरगा हात जोडून उभा. ओठांत हसू... मेला!

"भेली का? मी तं भाषण पाठ करून राह्यलो होतो."

"मासोळ्या उचल अगुदर. मंग कर भाषण!"

उचलल्या बिचाऱ्याने, एकूण एक. शालिकराम त्याचं नाव. चामोर्शीकडचा, दंडारीच्या मांडवात गाणारा-गरजणारा गाजलेला नट. सत्तावन्न सालची गोष्ट. आमच्या चांद्याच्या जंगलात, वैनगंगेच्या घाटावर मुंबईची सिनेमावाली मंडळी उतरली होती. डोंगा वल्हवता येतो आणि बोलताही येतं म्हणून नावाड्याचं काम त्यांनी शालिकरामला दिलं. मी, म्हणजे ही मैना, त्यांच्या स्वयंपाक्याला रोज मासोळी द्यायचे. त्या दिवसापासून घाटावर जरा जास्तच रेंगाळायला लागले... खोटं कशाला बोलू?

पण कॅमेऱ्यापुढे त्याची पार फजिती. त्यानं नायिकेला नुसतं म्हणायचं होतं, 'जाऊ नकोस, तुझ्यावाचून हा घाट ओस पडेल.' हा छाती काढून असा गरजला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. जमलेल्या आमच्या लोकांनी टाळ्या पिटल्या— "वन्स मोर!" झालं! दंडारीतल्या सवयीनं त्यानं वाकून नमस्कार केला आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू.

दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला. "अहो, गावाला नका सांगू. एका माणसाला सांगा."

"एकाले? मंग बाकीच्या पब्लिकनं का करावं?"

लोक खो-खो हसले. दिग्दर्शक हसले नाहीत. "आता शेवटचं. नाही जमलं तर उद्या दुसरा नावाडी."

शालिकरामचा चेहरा एवढासा झाला. दुसरा नावाडी आला, म्हणजे हा परत चामोर्शीला... नायिकाबाई तर सावलीत चहा पीत होत्या. हा बोलणार कुणाशी? मी सरळ कॅमेऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"मले सांग," म्हटलं. "मी काई बहिरी नाई."

त्यानं पाहिलं. उगारलेला हात खाली आला. वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं आणि तो... अगदी हळू म्हणाला,

"जाऊ नोको, मैना. तुह्याबिना करमत नाई मले."

"कट!"

टाळी नाही, काही नाही. शालिकराम हिरमुसला. "कोनीच नाई बोलून राह्यलं. बिघडलं वाटते..."

"बिघडलं?" दिग्दर्शकांनी त्याला मिठीच मारली. "हेच हवं होतं! आता नायिकेचं नावच मैना ठेवतो!"

मी डोंग्यापाशी गेले. आणि विचारलंच, "ते... सिनेमातलं होतं का रे?"

"सिनेमातलं तं मी इसरूनच गेलो होतो," तो खाली पाहत म्हणाला.

आता आणखी काय ऐकायचं राहिलं? माझे बाबा काठावर जाळं विणत बसले होते. मी सगळ्या घाटादेखत त्याचा हात धरला आणि तिकडे निघाले.

"कुठी नेऊन राह्यली?"

"बाबाकडं. आन् तिथी मोठ्यानं बोलजो. त्याइले कमी आयकू येते."

बोलला तो. दोन्ही काठांनी ऐकलं, आणि बाबा हसले.