धरणाच्या आतलं पाणी

"अहो बाई, आहात तिथेच थांबा! हलू नका!"

हलता आलं असतं तर सेर्वान केव्हाच हलली असती. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात तिसऱ्या-शिंपल्यांची बादली, आणि समोरून पाणी येत होतं... चालत नव्हे, धावत.

होडीतल्या माणसाने तिला काखेत धरून वर ओढलं. पाय आले. उजवा बूट मात्र नदीने ठेवून घेतला.

"कुठल्या तुम्ही?"

"कांकालची." तिने ताठ मानेने सांगितलं. "समुद्रात कालवांची शेती आहे आमची. भरती-ओहोटी मला कुणी शिकवायला नको."

"ते दिसलंच," तो म्हणाला, आणि हसू दिसू नये म्हणून वल्ह्याकडे बघत राहिला.

तिचा हिशोब तसा चुकीचा नव्हता. खिशातल्या भरती-ओहोटीच्या पंचांगात ओहोटी अकराची होती. अकराला रांस नदी तुडुंब. पाणी उतरलं ते दोनला. म्हणजे इथे सगळंच तीन तास मागे चालतं, असं धरून ती निवांत चिखलात उतरली होती. तसं तिने त्याला सांगितलंही.

"मागे नाही, नदीच्या मुखावरच्या धरणाच्या मर्जीने चालतं," तो म्हणाला. "भरतीचं पाणी आम्ही कोंडून ठेवतो. बाहेरचा समुद्र खाली गेला की सोडतो, तेव्हा यंत्रं फिरतात आणि वीज होते. मग समुद्र वर आला की दारं उघडतो, आणि पाणी असं घुसतं. वेळा धक्क्यावरच्या फळ्यावर लावलेल्या असतात."

"आम्ही? म्हणजे तुम्ही त्या धरणावर—"

"यंत्रांच्या दुरुस्तीला. मी ब्रिआक. आता परत चिखलात उडी मारणार का?"

ती हसली. मग आपण हसलो याचाच तिला राग आला.

सँ सुलियाकच्या काठावर तिच्या आन्सेल्म मामाचा तिसऱ्यांचा पट्टा होता. मामाचे गुडघे थकले होते. महिनाअखेरपर्यंत 'हो' म्हण, नाहीतर दुसऱ्याला देतो, असा त्याचा निरोप होता. कांकालला दोन थोरले भाऊ होते. तिथे ती कायम तिसरी. हा पट्टा मिळाला तर आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तिचं एकटीचं होणार होतं. म्हणूनच हे पाणी नीट समजून घ्यायला हवं, असं ती स्वतःला बजावत होती. पुढच्या शनिवारी ती धरण बघायला गेली, तीही त्याचसाठी... निदान तिने मामाला तसंच सांगितलं.

आत पायांखालची जमीन गुणगुणत होती.

"चोवीस यंत्रं," ब्रिआक म्हणाला. "धूर नाही, राख नाही. आणि वारा पडला तरी चंद्र पडत नाही. शंभर वर्षांनंतर कुठल्या दिवशी किती भरती येईल, आज सांगता येतं."

"मग संध्याकाळी सगळे स्वयंपाकाला लागतात, तेव्हाच भरपूर वीज येते?"

"नाही ना. चंद्र आमचा साहेब. लोकांच्या जेवणाच्या वेळा तो विचारत नाही."

"आणि मासे?"

तिने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"माझे आजोबा या नदीत वाळूतले मासे धरायचे," ती म्हणाली. "धरण झालं आणि ते मासे गेले. बाबा अजून धरणावरच्या या पुलावरून गाडी नेत नाहीत. लांबून वळसा घालतात."

"काही मासे परत आले," तो हळूच म्हणाला. "ते नाही आले."

तो वाद घालेल या तयारीने ती आली होती. आता हातातल्या टोपीचं काय करावं तेच तिला कळेना.

नंतरचे तीन शनिवार तिला नवनवे प्रश्न सुचत गेले. मिठाने यंत्रांची पाती गंजत नाहीत का? मग अशी धरणं सगळीकडे का नाहीत? "एवढी मोठी भरती किती ठिकाणी येते? आणि बांधायला पैसाही भरमसाठ लागतो," तो सांगायचा. खानावळीत समोरची कुट्टूच्या पिठाची घावनं निवून जायची, सफरचंदाच्या सायडरचा फेस बसायचा, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

महिनाअखेरच्या सकाळी तो स्वतःच पट्ट्यावर आला. बारीक पाऊस भुरभुरत होता. त्याच्या हातात लांब काठी होती. त्याने ती चिखलात खुपसली... काठी पूर्ण बुडाली, वर कोपरापर्यंत हातही आत गेला.

"सेर्वान, 'हो' म्हणण्याआधी हे बघ. समुद्र मोकळा होता तेव्हा गाळ धुऊन जायचा. आता पाणी थांबतं, आणि गाळ बसतो. काही ठिकाणी उपसतात, पण या कोपऱ्याचा नंबर कधी लागेल देव जाणे. पंधरा वर्षं... कदाचित दहाच. मग इथे तिसऱ्या राहणार नाहीत."

"हे मला का सांगतोस?"

"कारण... तू इथे राहावीस असं मला फार वाटतं. म्हणून तर लपवता येईना."

पाऊस त्याच्या भुवयांवरून ओघळत होता. ती वळून धक्क्याकडे चालू लागली. मामा तिथे छत्री धरून उभा होता.

"मामा, पट्टा मी घेते."

"अगं, ऐकलंस ना मी काय म्हणालो?" मागून ब्रिआक ओरडला.

"ऐकलं. माझ्या बाबांना समुद्राने कधी उद्याचीसुद्धा खात्री दिली नाही. तू दहा वर्षांची देतोयस."

"आणि दहा वर्षांनंतर?"

"तेव्हा गाळ उपसायचा. एकटीला जमणार नाही..." तिचे कान लाल झाले होते. "दोघं लागतील. चालेल?"

ब्रिआकने काठी चिखलातच सोडली आणि तो धावत सुटला. दोनदा घसरला.

"चालेल," तो धापा टाकत म्हणाला. "आज, उद्या, केव्हाही चालेल."

"मग उद्या दुपारी कांकालला जेवायला ये. बाबा धरणाला तासभर शिव्या घालतील."

"मी काय करू?"

"ते खरं बोलतील तिथे मान डोलव."

"आणि खोटं बोलतील तिथे?"

सेर्वानने बाहीने त्याच्या गालावरचा चिखल पुसला. पुसून झाल्यावरही हात काढला नाही.

"तिथे कालवं खा," ती म्हणाली. "तोंड भरलेलं असू दे."