धूर दिसला नाही म्हणून

भिंतीवर कुणीतरी टकटक केलं, आणि अंथरुणातल्या अंथरुणात तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

दारावर नाही... भिंतीवर. आधी डोक्यामागे. मग थोडं थांबून खिडकीखाली. मग पायांकडे, कोपऱ्यात. कुणीतरी घराभोवती फिरत होतं आणि आत शिरायला कुठे जागा सापडते का ते ठोकून बघत होतं. निदान तिला तरी तसंच वाटलं, आणि तिला नेहमी तसंच वाटायचं. घरात तिला सगळे 'भागूबाई' म्हणायचे ते काही उगीच नाही. लिफ्टमध्ये ती एकटी चढायची नाही. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायची. हॉस्पिटलात दिवसभर लोकांचे एक्स-रे काढून काढून, काय केलं की माणसाचं काय मोडतं, हे तिला अगदी पाठ झालं होतं.

आणि अशी ही बाई सरकारी जंगलात, ओंडक्यांच्या जुन्यापुराण्या घरात एकटी येऊन राहिली होती. कधीकाळी लाकूडतोड्यांसाठी बांधलेली ही घरं वनखातं आता आठवड्याच्या भाड्यानं देई. वीज नाही, फोनला रेंज नाही. ताईनं दोघींसाठी घेतलं होतं, आणि नेमक्या निघायच्या वेळी ताईच्या मुलाला कांजिण्या आल्या. "रद्द करू या. तू काय एकटी जाणार आहेस, भागूबाई?" ताई सहज म्हणाली. झालं, भागूबाईचा पारा चढला. काल दुपारी जीपवाला तिला सोडून गेला, आणि जीपचा आवाज विरला तेव्हापासून ती पस्तावत होती.

पुन्हा टकटक. ती उठली, चुलीशेजारचा लोखंडी चिमटा दोन्ही हातांत धरला आणि दाराला म्हणाली, "क... कोण आहे?"

"सुतार."

"कुठला सुतार?"

"लाकडाचा." बाहेरचा आवाज जरा विचारात पडला. "तुम्ही ठीक आहात ना?"

"आत्तापर्यंत होते."

तिनं कडी काढली, चिमटा नाही सोडला. बाहेर धुकं होतं. धुक्यात एक उंच तरुण उभा, भुवयांत लाकडाचा भुसा, हातात लाकडी हातोडा, आणि छाती अजून वरखाली होत होती.

"धूर दिसला नाही म्हणून आलो," तो म्हणाला.

"कसला धूर?"

त्यानं चौकटीवरच्या फळीकडे बोट केलं. त्यावर कोरलं होतं – 'उठल्याबरोबर आधी चूल पेटवावी.'

"ते मी... थंडी वाजू नये म्हणून लिहिलंय असं समजले."

"सगळे तेच समजतात. इथे फोन नाही ना. खाली ओढ्यापलीकडे माझं घर आहे, वनखात्याचा वायरलेस तेवढा तिथे आहे. तिथून मी सकाळी धुराडी बघतो. धूर आला, म्हणजे माणूस खुशाल आहे. सध्या हंगाम नाही, तुमचंच एक घर उघडं आहे... आणि तेच गप्प."

"मग सरळ दार वाजवायचं. भिंती कसल्या ठोकता?"

"दार वाजवलं. हाकही मारली. मग आतून घोरणं ऐकू आलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. आलोच आहे तर म्हटलं ओंडके तपासावेत. कुजलेलं लाकूड बद्द वाजतं."

"मी घोरत नाही."

"मग आत दुसरं कुणीतरी होतं," तो गंभीरपणे म्हणाला.

तिनं झर्रकन मागे वळून बघितलं. आणि तो हसायला लागला. हसताना भुवयांतला भुसा खाली पडत होता. तिला रागही आला आणि... जाऊ दे, रागच आला असं म्हणू या.

लाकडाच्या घरात आग लावायची भीती वाटते, हे तिनं त्याला अडखळत सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं. पण तो चुलीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "भीती वाटते ते बरं आहे. न भिणारे लोक झडप उघडायची विसरतात." मग त्यानं तिला धुराड्याची झडप दाखवली, आधी काटक्या, मग ढलप्या, मग लाकूड कसं रचायचं ते दाखवलं. काडी मात्र तिलाच ओढायला लावली. तिचा हात इतका थरथरत होता, की त्यानं तिच्या मनगटाखाली आपला हात नुसता धरला... टेकवला नाही. चूल पेटली. दोघांनी चहा घेतला, आणि बोलता बोलता तिनं आपल्या एक्स-रेच्या नोकरीबद्दल सांगितलं.

जाताना पाण्याच्या पिंपाजवळ तो थबकला. चिखलात भलामोठा पंजा उमटला होता.

"अस्वल," तो म्हणाला. "घाबरू नका, ते आपल्याला आपल्यापेक्षा जास्त भितं."

"माझ्यापेक्षा जास्त भिणारं अजून जन्माला यायचंय."

"वाटेनं जाताना मोठ्यानं बोलत जायचं. माणूस येतोय हे कळलं की ते बाजूला होतं."

"मोठ्यानं काय बोलायचं?"

"काहीही. मनातलं." त्यानं हातोडा खांद्यावर टाकला. "जीपवाले मला सुतारपक्षी म्हणतात. खालून टकटक ऐकू आली तर दचकू नका. माझ्या घराचा तळाचा ओंडका कुजलाय, तो बदलतोय."

दिवसभर ती टकटक येत राहिली, आणि दिवसभर ती दचकली नाही. आवाज थांबला की मात्र तिचे कान टवकारायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चूल पेटवली नाही. काडी काढली होती, ढलप्याही रचल्या होत्या. मग ती पाटावर बसली आणि वाट बघू लागली. थोड्या वेळात पावलं वाजली. तो धावत आला होता.

"काड्या सादळल्या," ती म्हणाली.

त्यानं पहिल्याच काडीला चूल पेटवली. मग काड्यांची पेटी हलवून बघितली, तिच्याकडे बघितलं. चहा मात्र दोन कप प्याला.

त्यानंतरच्या सकाळी लाकूड ओलं निघालं. तो आला तेव्हा त्याच्या कपाळावर फांदीचा ताजा ओरखडा होता, आणि गुडघा चिखलानं माखला होता. ती हसून म्हणाली, "इतकं काय धावायचं? खरं सांगू का... लाकूड ओलं नव्हतं. काड्याही सादळल्या नव्हत्या."

"माहीत आहे."

"माहीत होतं?"

"कालच कळलं." तो चुलीकडे बघत राहिला. "माझ्या आधी बाबा या घरांची देखभाल करायचे. एका सकाळी एका घराचा धूर दिसला नाही. तिथले आजोबा उशिरा उठणारे. बाबा म्हणाले, म्हातारा झोपला असेल. दुपारी गेले. आजोबा चुलीपाशी पडले होते. बराच वेळ जिवंत होते म्हणे." त्यानं एक ढलपी उचलून चुलीत ठेवली. "बाबांनी जंगल सोडलं ते सोडलंच. अजून सकाळी उठले की खिडकीतून बाहेर बघतात, शहरात. म्हणून धूर नसला की मी विचार करत बसत नाही. धावतो."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पण मी खोटं वागतेय हे कळल्यावर तरी..."

"खोटं कुठलं आणि खरं कुठलं, ते खालून कसं कळणार?"

"चुकलं माझं," ती म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि ते त्याला दिसत होतं.

पुढच्या सकाळी उजाडायच्या आत तिच्या धुराड्यातून धूर निघाला, चांगला जाड. आणि अर्थातच तो आला नाही. कशाला येईल? धूर म्हणजे सगळं खुशाल. तिनं दोन कप चहा केला आणि दोन्ही कप एकटीनं संपवले. धूर दिसला तरी या, असं म्हणायला तिची जीभ रेटली नव्हती. मग ती पायरीवर जाऊन बसली. ओढ्यापलीकडे झाडांच्या शेंड्यांवरून त्याच्या घराचा धूर दिसत होता, पातळसा, जरा डावीकडे झुकलेला. तो दिसला की तिला बरं वाटायचं. रोज सकाळी आधी आपली चूल, मग त्याचा धूर, असा तिचा क्रमच होऊन बसला.

आठवडा संपत आला. आदल्या संध्याकाळी पाऊस आला तेव्हा खालची टकटक एकदम थांबली. पावसात कोण ठोकत बसणार, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. सकाळी तिनं चूल पेटवली, पायरीवर आली, आणि पलीकडे बघितलं.

धूर नव्हता.

धुकं आहे, त्यात दिसत नसेल. धुकं हललं, शेंडे दिसले, धूर नव्हता. कान दिले. टकटकही नव्हती. काल दमला असेल, तिनं स्वतःला समजावलं. झोपला असेल...

झोपला असेल. तो शब्द मनात आला मात्र, आणि ती आत धावली. तिनं पायांत बूट कसेबसे सरकवले आणि ती निघाली.

या वाटेनं ती एकदाही गेली नव्हती. झाडं इतकी दाट, की खाली अजून उजाडलंच नव्हतं. ओढ्याला पाणी चढलेलं, वर पूल म्हणजे एकच ओंडका, शेवाळलेला. इथून पडलं तर कुठलं हाड मोडेल ते तिला नावानिशी माहीत होतं. ती ओंडक्यावर घोड्यावर बसावं तशी बसली आणि डोळे मिटून सरकत सरकत पलीकडे गेली. उतरते न उतरते तोच डावीकडच्या झुडपात काहीतरी हललं. जड काहीतरी. फांदी मोडली.

तिचे पाय जागच्या जागी गोठले. परत फिरावं... पूल मागेच होता. मग तिला आठवलं. मोठ्यानं बोलायचं. काहीही. मनातलं.

"हे बघ," ती झुडपाला म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "मी येतेय. मला तुझी भीती वाटते. मला सगळ्याचीच वाटते, पण आज मला जायचंच आहे. खाली एक सुतार राहतो. त्याचा धूर दिसला नाही." ती एकेक पाऊल टाकू लागली. "तो माझ्यासाठी रोज धावत आला. खोटं आहे हे कळूनसुद्धा आला. आणि मी मूर्ख, चूल पेटवत बसले, आणि तो यायचाच थांबला. तो मला आवडतो, ऐकलंस? त्याच्या भुवयांतल्या भुशासकट आवडतो. हे मी त्याला सांगितलेलं नाही. उद्या मी जाणार होते न सांगताच. त्याला काही झालं असलं तर... तर मी काय करू रे?"

झुडपातलं जे काय होतं ते खुसफुस करत दूर गेलं. ती मात्र बोलतच राहिली, रडत, धावत, थेट त्याच्या अंगणापर्यंत.

तो घराच्या भिंतीशी चिखलात पडला होता. नवा ओंडका टेकणीवरून घसरून त्याच्या पायावर आला होता. ओठ निळे, डोळे मिटलेले.

"ए! तू... तू जिवंत आहेस ना? बोल काहीतरी!"

डोळे उघडले. "काल संध्याकाळपासून इथे आहे," तो कुजबुजला. "हाका मारल्या. पावसात..."

"बोलू नकोस."

"आत्ता बोल म्हणालीस."

तिनं पहार शोधली, खाली दगड लावला आणि सगळं अंग टाकून दाबली. ओंडका बोटभर उचलला गेला, तसा त्यानं कण्हत पाय ओढून घेतला. तिनं पायावरून बोटं फिरवली. हात जरासुद्धा थरथरत नव्हते, हे तिच्या नंतर लक्षात आलं. "नडगी मोडली आहे. सांधा शाबूत आहे. चालशील पुढे." तिनं दोन फळ्या लावून पाय बांधला, त्याला खांद्याच्या आधारानं आत ओढलं, अंगावर असतील नसतील तेवढी घोंगडी टाकली, वनखात्याच्या वायरलेसवरून जीप मागवली. मग चुलीपुढे बसली. झडप उघडली. काटक्या, ढलप्या, लाकूड. पहिल्याच काडीला पेटलं.

"भुवयांतल्या भुशासकट?" मागून आवाज आला.

ती वळली नाही. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि चुलीची धग अजून तिथवर पोचली नव्हती. "किती ऐकलंस?"

"पुलापासून सगळं. धुक्यात आवाज लांब जातो." त्यानं घोंगडी छातीशी ओढली. "मी पडल्यापडल्या एकच विचार करत होतो. सकाळी ती धूर बघत असेल का? मी काही तुला बघायला सांगितलं नव्हतं. बघितलं नाहीस, तर मी गेलोच होतो. फार भ्यालो होतो मी."

"मी रोज बघायचे," ती म्हणाली आणि आता मात्र वळली.

त्यानं हात पुढे केला. त्या दिवशी तिच्या मनगटाखाली नुसता धरलेला तोच हात, चिखलानं माखलेला, गार पडलेला. तिनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"खालच्या गावातल्या हॉस्पिटलात एक्स-रेचं मशीन आहे," तो चाचरत म्हणाला. "चालवणारं माणूस टिकत नाही. जंगलाला भितात सगळे. पाय बरा झाला की मी इथे परत येईन. तू... वरचं घर घेशील का? नेहमीसाठी?"

"नाही."

त्याचा चेहरा पडला.

"मी वर, तू खाली. रोज सकाळी तू माझा धूर बघणार, मी तुझा, आणि दिसेपर्यंत दोघांचा जीव टांगणीला. मला नाही सोसायचं ते." तिनं त्याचा हात आणखी घट्ट धरला. "वेगळी चूल कशाला मांडायची?"

त्याला कळायला एक क्षण लागला. मग तो हसला, पाय हलला, कळवळला, तरी हसतच राहिला.

"भीती नाही वाटत?" त्यानं विचारलं.

"वाटते ना. खूप वाटते."

लांबून जीपचा आवाज येऊ लागला. तिनं झडप नीट उघडी आहे ना, ते पुन्हा एकदा बघितलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.