डोळे!

संध्याकाळपर्यंत फाटक पोचवायचं होतं, म्हणून धाकटा वेल्डिंगच्या शेडमध्ये एकटाच राबत होता. वहिनी दुपारचा डबा घेऊन आली, तेव्हा उन्हाचा रंग विटायला लागला होता.

वर्षापूर्वी दादा याच शेडमध्ये छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून दोन्ही संसार धाकट्याच्या दोन डोळ्यांवर उभे होते. दादाची एक शिस्त होती. ठिणगी पाडण्याआधी तो "डोळे!" असं खच्चून ओरडायचा, आणि आजूबाजूचे मुकाट तोंड फिरवायचे. त्याचा काचेचा मुखवटा अजून खिळ्यालाच होता. तो उतरवायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

"आजचं हे खग्रास ग्रहण म्हणजे नेमकं काय हो, भाऊजी?"

"चंद्र सूर्याच्या बरोबर आड येतो. आहे एवढुसा, पण आपल्या जवळचा ना, म्हणून अख्खा सूर्य झाकतो. आपण त्याच्या सावलीत." त्याने तिला सगळ्यांत काळी काच दिली. "पूर्ण झाकला की काच नको. पण कड उघडायच्या आत नजर काढायची, नाहीतर डोळ्यांचं वाटोळं."

दोघं अंगणात आली. पाखरं गप्प झाली. गार वाऱ्याबरोबर जळक्या लोखंडाचा वास आला, आणि भरदुपारी अंधार पडला. धाकट्याने स्वतःची काच खाली केली. वर काळंकुट्ट भोक होतं, त्याच्याभोवती पांढरा, मोकळा सुटलेला उजेड. फाटक, वहिनी, स्वतःचे डोळे, सगळ्याचा त्याला विसर पडला. दादाने हे बघायला हवं होतं, असं त्याला वाटलं. नजर काही हलेना.

"डोळे!"

हाक शेडमधून आली. धाकट्याने सवयीने तोंड फिरवलं, आणि त्याच क्षणी काळ्या कडेवर ऊन फुटलं. अंगण लख्ख झालं.

वहिनी खाली बघत उभी होती. तिनेही मान फिरवली होती.

"शेडमध्ये... कुणी नाहीये, वहिनी."

"माहितेय मला," ती हळूच म्हणाली आणि आत गेली.

मुखवटा खिळ्यालाच होता. काचेवर आतल्या बाजूने वाफ धरली होती. धाकटा उंबऱ्यातच थबकला. वहिनीने ती वाफ बोटाने पुसली आणि तिथेच उभी राहिली.

काच हळूहळू, थांबत थांबत, पुन्हा धूसर होत गेली.