सातवी हाक

पितरांच्या दिवशी दुपारचं जेवण उरकून नोटबुर्गा आणि तिचा धाकटा भाऊ कायेतान वडिलांना आणायला निघाले. वडिलांना म्हणजे त्यांच्या कवटीला. पण उंटरवांडमध्ये कवटी असं कुणी म्हणत नाही, माणसाचंच नाव घेतात. कडा आणि सरोवर यांच्या चिमटीत सापडलेलं ते गाव, तिथे दफनभूमीला जागा ती केवढी असणार! बारा-चौदा वर्षांनी थडगं उघडून पुढच्याला जागा करून द्यायची, कवटी धुऊन उन्हात वाळवायची, कपाळावर नाव आणि भोवती ओकच्या पानांची माळ रंगवून ती अस्थिगृहात घरच्यांच्या शेजारी ठेवायची, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. रंगवणारी आपोलोनियाकाकू पलीकडच्या काठावर राहायची. होडीनं वीस मिनिटांचा रस्ता. पण गेलेल्याला पाण्यावरून आणत नाहीत. मोटार काढायची आणि अख्ख्या सरोवराला वळसा घालायचा.

काकूनं लाकडी पेटी टेबलावर ठेवली, पण हात काही तिच्यावरून काढला नाही.

"क्विरिनचं नाव तीनदा लिहावं लागलं," ती म्हणाली. "रंग धरतच नव्हता."

"बाबांचं नेहमीचंच," कायेतान म्हणाला. "जिवंतपणी तरी कुठे एका जागी बसले?"

काकू हसली नाही. ती नोटबुर्गाकडे बघत होती. "बुर्गी, हा क्विरिनच ना?"

"म्हणजे काय काकू? मीच तर ओळखलं होतं त्यांना."

"बरं बाई. मी आपली रंगवणारी. फक्त वाटेत नाव जपून घ्या. ज्याचं नाव घ्याल तो येतो, एवढं मला ठाऊक आहे."

नोटबुर्गा पेटी मांडीवर घेऊन गाडीत बसली.

चौदा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, क्विरिन आखलाइटनर जाळी काढायला गेला आणि परतला नाही. होडीही सापडली नाही. त्याची बायको ओटिली त्या दिवशी जी अंथरुणाला खिळली ती खिळलीच. "माझ्याकडे त्याचं थडगंसुद्धा नाही," एवढंच म्हणायची. हिवाळाभर तिच्या पोटात धड अन्न गेलं नाही. एप्रिलात बर्फ वितळला आणि सरोवरातून नदी निघते तिथे एक प्रेत लागलं. कायेतान तेव्हा दूर कामाला होता. ओळख पटवायला नोटबुर्गा एकटी गेली. चेहरा असा उरलाच नव्हता, दात मात्र होते. तिच्या वडिलांचे वरचे दोन दात वल्ह्याचा दांडा लागून कधीच पडले होते. या जबड्यात एकही दात कमी नव्हता.

"हेच," नोटबुर्गा म्हणाली होती.

दफनाच्या दिवशी आई उठली, काळे कपडे घालून चालत गेली, आणि घरी येऊन वाडगाभर सूप प्यायली. त्या वाडग्याकडे बघून नोटबुर्गाला आपल्या खोट्याचा कधी पश्चात्ताप झाला नव्हता. आज मात्र तिला भीती वाटत होती.

वाटेत काठाकाठानं सहा लाकडी क्रूस होते. प्रत्येकापाशी गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, काच खाली घ्यायची आणि मुलांनी एकदा हाक मारायची. बाबा म्हणायचं नाही, पूर्ण नाव घ्यायचं. सातवी हाक अस्थिगृहाच्या दारातून, बायकोची.

"क्विरिन आखलाइटनर, घरी चला," कायेताननं पहिल्या क्रुसापाशी हाक मारली. सरोवरावर धुकं दाटलं होतं. ओल्या लाकडाचा आणि कुजक्या बोरूचा वास येत होता. दुसऱ्या क्रुसापाशीही तेच. तिसऱ्यापाशी हाक संपली आणि धुक्यातून वल्ह्याचा आवाज आला. डुबुक... मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा डुबुक.

"कुणीतरी जाळं टाकतंय," कायेतान म्हणाला.

"आज?"

त्यानं काच वर केली. या दिवशी गावातलं कुणी पाण्यात होडी घालत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

चौथ्या हाकेनंतर कुणीतरी खोकललं. ओल्या छातीचा, खोल खोकला. गाडी सुरू झाली तसा तो वल्ह्याचा आवाजही हलला. गाडीनं वळण घेतलं की तो दूर जायचा, रस्ता पाण्याकडे आला की पुन्हा शेजारी यायचा.

"पुढे नको हाक मारूस," नोटबुर्गा म्हणाली.

"का? अर्ध्या वाटेत सोडू त्यांना? तुला थंडी वाजत असेल तर शाल घे आणि गप्प बस."

त्याला अडवायचं तर कारण सांगावं लागणार होतं. तिनं शाल ओढून घेतली. पाचवी हाक गेली. सहावी गेली, आणि बोरूच्या पलीकडून, अगदी दहा पावलांवरून, उत्तर आलं.

"आलो..."

कायेताननं चावी फिरवली, पण इंजिन दोनदा बंद पडलं. बऱ्याच पुढे गेल्यावर तो हळूच म्हणाला, "बाबांचा आवाज होता."

"हो."

"पेटी तर तुझ्या मांडीवर आहे, बुर्गी."

मग तिनं सांगितलं. दात, एप्रिल, सूपचा वाडगा, सगळं. कायेताननं गाडी कडेला घेतली.

"चौदा वर्षं मी त्या थडग्यावर मेणबत्त्या लावतोय. कुणासाठी?"

"माहीत नाही रे."

"आणि आपण आत्ता सहा वेळा कुणाला बोलावलं, ते माहीत आहे ना?"

अस्थिगृहाशी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. आत ओटिली बाकावर बसली होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, मेणबत्तीच्या उजेडात, भिंतीवर रांगेनं मांडलेल्या आखलाइटनरांच्या शेजारी. नोटबुर्गानं दार लावलं, पेटी बाकावर ठेवली आणि आईच्या पायाशी बसून सगळं कबूल केलं. बोलता बोलता तिला रडू फुटलं.

ओटिलीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मला ठाऊक होतं."

"कसं?"

"दफनाच्या दिवशी शवपेटी बंद करण्याआधी जबडा बघितला होता मी. पाण्यात पडून दात का उगवतात, वेडे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू मला थडगं दिलंस. ते परत कसं करायचं असतं?"

बाहेर होडी पायरीला आपटली.

तिघंही उठून उभे राहिले. ओली पावलं एकेक पायरी चढून आली आणि दारापाशी थांबली. दाराच्या फटीतून पाणी आत आलं. त्याला शेवाळाचा आणि माशांचा वास होता.

"सातवी हाक मारायची नाही," कायेतान कुजबुजला. "आई, ऐकतेस ना? हाकेशिवाय त्यांना आत येता येणार नाही."

"ऐकतेय," ओटिली म्हणाली. पण तिचे डोळे दारावर होते आणि ओठ हलत होते. नोटबुर्गानं तिला मिठी मारली. आईचं म्हातारं काळीज फडफडत होतं. चौदा वर्षं जिच्यासाठी खोटं जपलं, तिचंच तोंड आता दाबून धरावं लागणार या विचारानं नोटबुर्गाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नको ना आई..."

"नाही मारत," ओटिली अखेर म्हणाली, आणि दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड झाकून घेतलं.

बाहेर कुणीतरी वाट बघत होतं. त्याच्या कपड्यांतून निथळणारं पाणी पायरीवर टपटपत होतं. मग ती टपटप एक पायरी खाली गेली. नोटबुर्गाला वाटलं, सुटलो. तिनं आईला घट्ट धरलं आणि डोळे मिटले.

तेव्हा बाकावरच्या पेटीतून हाक आली. पुरुषाचा आवाज. त्या तिघांनी कधीच न ऐकलेला, थकलेला, परगावच्या माणसाचा.

"क्विरिन आखलाइटनर," तो म्हणाला, "घरी चला."

कायेतान दाराकडे धावला, पण कडी आपोआप वर उचलली जात होती.

ओटिलीनं तोंडावरचे हात खाली घेतले. ती पुन्हा बाकावर बसली, आणि जरा सरकून तिनं शेजारी जागा केली.